अनुदानाच्या पैशातून नेमकं काय काय भागतं?

मिरजेच्या एका उद्योजिकेनं प्रश्न पाठवलाय. त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ मिळून गाईचा सुप्त कासदाह, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा कासेचा आजार, गोठ्यातच ओळखणारी पट्टी आणि ती वाचणारं हातात मावेल एवढं यंत्र तयार करताहेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बिराक’ या संस्थेच्या बिग अनुदानासाठी, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटसाठी, अर्ज करायचा आहे. तिथं कमाल ५० लाख मिळतात आणि मुदत १८ महिन्यांची असते. त्यांनी मांडलेलं अंदाजपत्रक असं: उपकरणं २२ लाख, दोघांचे पगार २१ लाख ६० हजार, जागेचं भाडं २ लाख ७० हजार, वेबसाइट, माहितीपत्रकं आणि प्रदर्शनातला स्टॉल ३ लाख, प्रवास ७० हजार. बेरीज बरोबर ५० लाख. प्रश्न असा की यातलं काय चालेल आणि काय उडेल? शिवाय गेल्या वर्षी पहिल्या मॉडेलवर घरचे १ लाख ८० हजार गेले, ते यातून परत मिळतील का? पेटंट, जीएसटी आणि सीएची फी यांचं काय?

ताई, मी गेली चौदा वर्षं पुण्यात नवउद्योगांच्या अनुदानांचे हिशेब सांभाळतो. तुमचं अंदाजपत्रक वाचल्यावर पहिला विचार मनात आला तो असा की यात दूधच नाही. पट्ट्यांचा कच्चा माल नाही, नमुने नाहीत, प्रयोगशाळेच्या तपासणीचे पैसे नाहीत. अठरा महिने दोन माणसं, भाड्याची खोली आणि २२ लाखांची यंत्रं असतील, पण एकाही सडाचं दूध तपासायला पैसा नसेल. परीक्षक समितीतला पशुवैद्य हेच पहिल्यांदा पाहील, आणि मग भाडं चालतं की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अनुदान कामासाठी मंजूर होतं. कंपनी ते काम करते, म्हणून पैसा तिच्या खात्यात येतो एवढंच. ‘हा खर्च धंद्यासाठी आवश्यक आहे’ हे वाक्य आयकर अधिकाऱ्यापुढे चालतं, अनुदान देणाऱ्यापुढे नाही. तो विचारतो, हा खर्च अर्जातल्या कुठल्या उद्दिष्टासाठी, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या गटात? तिन्हींची उत्तरं असली तर चहाच्या डब्याएवढी वस्तूही मंजूर होते. नसली तर लाखाचं यंत्र अडकतं.

म्हणून अंदाजपत्रक उलट्या बाजूनं बांधा. समजा तुमचं उद्दिष्ट आहे की ३०० गाईंवर पट्टीची अचूकता तपासायची. एका गाईला चार सड, म्हणजे १,२०० नमुने. पंधरा दिवसांनी परत एकदा, म्हणजे २,४००. प्रत्येक नमुन्याला दोन पट्ट्या धरल्या तर ४,८००, आणि वाया जाणाऱ्या वीस टक्के धरून साधारण ५,७६०. एवढ्या पट्ट्यांना पडदा किती लागेल, अभिक्रियाकारक किती, प्लास्टिकचं कवच किती, हे तुम्हाला पाठ आहे. त्याचे भाव विक्रेत्याकडून लेखी मागवा. पट्टीचा निकाल कशाशी ताडून बघणार? दुधातल्या पेशींच्या मोजणीशी. मिलिलिटरला २ लाखांच्या वर पेशी गेल्या की संशय घ्यायचा, हा तुमच्या क्षेत्रातला नेहमीचा दंडक. ही मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्यायची तर दर नमुन्यामागे दर काय, त्याचं कोटेशन. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेबरोबर काम ठरवलंत तर त्यांचं पत्र आणि त्यांची फी. नमुने बर्फात घालून न्यायचे म्हणजे थर्माकोलची पेटी, बर्फ, गाडीचं भाडं. आता तुमचा प्रवासखर्च ७० हजारांत बसतो का, बघा. बसणार नाही. वाळवा आणि शिराळा तालुक्यांतल्या गोठ्यांवर पहाटेच्या धारेला पोचायचं तर एसटीनं जमत नाही.

असं बांधलेलं अंदाजपत्रक नाकारणं समितीला अवघड जातं, कारण कात्री लावायची तर कामच कापावं लागतं. गोल आकडे मात्र बिनदिक्कत कापले जातात. ‘उपकरणं २२ लाख’ हा गोल आकडा आहे.

उपकरणांकडेच आधी वळू, कारण नव्या उद्योजकांचा जीव तिथं अडकलेला असतो. यंत्र घेतलं की लॅब झाल्यासारखी वाटते. पण सरकारी अनुदानातून घेतलेल्या यंत्राचे तुम्ही पूर्ण मालक नसता. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये साफ लिहिलंय की अनुदानातून सर्वस्वी किंवा मुख्यतः उभी राहिलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मंजूर कामाखेरीज वापरता येत नाही. तिची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. बँकेकडून खेळतं भांडवल घेताना तेच यंत्र तारण दाखवलेले लोक मी पाहिलेत. ते निस्तरायला वर्ष गेलं.

शिवाय समितीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे विकत का, भाड्यानं का नाही? पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर आहे, त्यांच्याकडे सामायिक उपकरणं तासांवर वापरायला मिळतात, आणि ते बिगचं भागीदार केंद्रही आहे, म्हणजे बिगच्या अर्जदारांना मार्गदर्शन करणारी संस्था. जे यंत्र अठरा महिन्यांत चाळीस तास लागणार ते भाड्यानं घ्या. जे रोज लागणार, उदाहरणार्थ पट्टीवर रेघ ओढणारं डिस्पेन्सर, ते विकत घ्या आणि रोज का लागतं ते दोन ओळींत लिहा. माझा अंदाज, तुमचे २२ लाख ९-१० लाखांवर येतील, आणि सुटलेल्या पैशात दूध बसेल. लॅपटॉप, प्रिंटर, एसी, टेबल-खुर्ची ही ‘सर्वसाधारण’ वस्तू धरली जाते आणि बहुतेक ठिकाणी कापली जाते. यंत्रातल्या सॉफ्टवेअरसाठीच एक संगणक लागत असेल तर तसं कारण द्या, एकच मागा, तो निघतो.

आता पगार. इथं सगळेच चाचरत विचारतात, म्हणून सरळ सांगतो. प्रकल्पासाठी नेमलेल्या माणसाचा पगार जवळपास प्रत्येक संशोधन अनुदानात बसतो: संशोधन सहायक, इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा, नमुने गोळा करणारा पशुवैद्यकीय पदविकाधारक. नेमणूकपत्र, बँकेतून पगार, लागू असेल तिथं टीडीएस आणि हजेरी एवढी कागदपत्रं ठेवा. संस्थापकाचा पगार मात्र प्रत्येक योजनेनं आपापल्या पद्धतीनं सोडवलेला आहे. काही ठिकाणी मर्यादेत चालतो, काही ठिकाणी पूर्ण बंद. संस्थापकाच्या पोटापाण्यासाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागानं वेगळी सोयच केलीय, निधी-ईआयआर, त्यात महिन्याला ३०,००० रुपयांपर्यंत मिळतात. तिच्या भावंडातली निधी-प्रयास, ती नमुना यंत्र घडवायला १० लाखांपर्यंत देते. एकीत माणूस जगवायचा, दुसरीत यंत्र घडवायचं, ही विभागणी लक्षात घेतली की दोघांचे मिळून २१ लाख ६० हजार, म्हणजे एकूण रकमेच्या ४३ टक्के, समितीला कसे दिसतील ते कळेल. भाऊ पूर्णवेळ इलेक्ट्रॉनिक्स बघतात ना? मग त्यांचं नाव प्रकल्पातल्या कामापुढे, महिन्यांच्या हिशेबासह लिहा आणि योजनेच्या अर्ज मागवणाऱ्या चालू निवेदनात चालत असेल तेवढंच मागा. तुमचा स्वतःचा पगार मागायच्या आधी भागीदार केंद्राला फोन करा. यात लाजण्यासारखं काही नाही, रोज दहा जण हेच विचारतात.

जाता जाता एक परदेशातली गंमत. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला माझा जुना अशील तिथल्या इनोव्हेट यूके या सरकारी संस्थेच्या अनुदानासाठी अर्ज करत होता. तिथं मजुरीच्या २० टक्के सरसकट ओव्हरहेड (वरखर्च) म्हणून धरता येतात, भाडं-विजेचा वेगळा हिशेब द्यावा लागत नाही. हे ऐकून आपल्याला हेवा वाटतो. पण तिथले छोटे संचालक कर वाचवायला पगार नाममात्र घेतात आणि बाकी लाभांश, आणि लाभांश तिथं खर्च म्हणून धरत नाहीत. याचा पगार कागदावर इतका कमी की त्याच्या सहा महिन्यांच्या मेहनतीची किंमत शून्याच्या जवळ आली. त्याचे ओव्हरहेडही मग त्याच शून्याचे २० टक्के.

आपल्याकडे भाडं, वीज, इंटरनेट, ऑफिसातला चहा हे सगळं एक तर ‘आकस्मिक खर्च’ या छोट्या हेडात कोंबावं लागतं किंवा स्वतःच्या खिशातून करावं लागतं. इन्क्युबेटरमधल्या जागेचं शुल्क असेल तर ते मांडायला सोपं जातं, कारण तिथं काम होतंय हे दिसतं. घराच्या मागच्या खोलीचं भाडं वडिलांच्या नावे लावू नका. तशी पावती पाहिली की तपासणारा बाकीच्या पावत्या दुप्पट बारकाईनं बघतो. मीही बघतो.

माहितीपत्रकं, वेबसाइट, स्टॉल हे तीन लाख काढूनच टाका. हा बाजारात जाण्याचा खर्च झाला आणि तुमचं यंत्र अजून गोठ्यात सिद्ध व्हायचंय. त्यातही मोशीच्या किसान प्रदर्शनात स्टॉल लावायचा विचार असेल तर आधी पेटंटचा अर्ज दाखल झाला पाहिजे, नाहीतर तुम्हीच तुमच्या शोधाचं नावीन्य चारचौघांत उघडं कराल. स्टार्टअप म्हणून मान्यता असेल तर पेटंटची सरकारी फी काही फार नाही: ऑनलाइन दाखल करायला ८,००० ऐवजी १,६००, तपासणीच्या विनंतीला २०,००० ऐवजी ४,०००. खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्या वकिलाचा. मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी केंद्राची एक योजना आहे, तिच्या यादीतल्या सल्लागाराची फी सरकार भरतं. त्यामुळे पेटंटसाठी अनुदानात थोडी तरतूद ठेवा, पण एकाच बिलाचे पैसे दोन ठिकाणी मागू नका. पेटंटच्या खर्चाची परतफेड करणाऱ्या योजना राज्याच्याही आहेत. तिथं बिल लावलंत तर ते इकडच्या हिशेबातून त्याच दिवशी काढा. ही चूक बहुतेक वेळा लबाडीनं होत नाही. दोन वेगळ्या मुलांनी दोन वेगळ्या फायली भरलेल्या असतात.

घरच्या १ लाख ८० हजारांचं विसरा. ते मिळणार नाहीत. करार होण्याआधीचा खर्च असली अनुदानं देत नाहीत, आणि इथं एक दिवसाची सवलत नसते. माझ्या एका अशिलाला यादीत नाव आल्याचं पत्र मार्चमध्ये मिळालं. डीलर म्हणाला, एप्रिलपासून भाव वाढणार. यानं २७ मार्चला सेंट्रिफ्यूज घेतलं, १ लाख ४६ हजारांचं बिल. करारावर सह्या झाल्या २ एप्रिलला. यंत्र मंजूर यादीतलं, भाव कोटेशनपेक्षा कमी, काम त्याच यंत्रावर झालेलं, आणि बिल नामंजूर. डीलर तारीख बदलून द्यायला एका पायावर तयार होता. मी नको म्हटलं, कारण त्याचं जीएसटीचं विवरण, आपली बँकेची नोंद आणि वाहतुकीची चिठ्ठी यांच्या तारखा तो बदलू शकत नव्हता. एका बिलापायी सगळी फाइल खोटी ठरली असती. तसंच शेवटच्या टोकाला. अठरावा महिना संपल्यावर आलेलं बिल, माल आधी आला असला तरी, वादात सापडतं. सतराव्या महिन्यात खरेदी थांबवा.

मात्र ते घरचे १ लाख ८० हजार अर्जात दाखवा जरूर. ‘स्वतःच्या पैशातून पहिलं मॉडेल केलं, इतक्या गाईंवर पाहिलं, हे चुकलं’ असं लिहिलं की परतफेड नाही मिळाली तरी गुण मिळतात.

जीएसटीचं उत्तर एका ओळीचं. ज्या कराचं क्रेडिट तुम्ही घेता, म्हणजे जो भरायच्या करातून वळता करून घेता, तो तुमचा खर्च नाही, तो अनुदानात धरायचा नाही. नोंदणी नसेल किंवा क्रेडिट मिळत नसेल तर पूर्ण बिल धरा. कर्जाचे हप्ते, व्याज, दंड, विलंब शुल्क, पाहुणचार हे कुठंच बसत नाही. सीएची नेहमीची फी, म्हणजे कंपनीचा ताळेबंद आणि विवरणपत्रं, ही कंपनीची. प्रकल्पाच्या खात्याचं वेगळं ऑडिट आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला आम्ही नुसतं यूसी म्हणतो आणि जे १२-अ या नमुन्यात द्यावं लागतं, त्याची फी आकस्मिक खर्चातून बहुधा निघते.

बिराकचं अनुदान वेगळ्या नो-लिएन खात्यात, म्हणजे ज्यातल्या पैशावर बँक आपला हक्क सांगू शकत नाही अशा खात्यात, येतं. ते खातं स्वच्छ ठेवा: त्यातून फक्त प्रकल्पाचे पैसे जावेत. ‘पगाराला दोन दिवस उसने घेतले, परत टाकले’ ही नोंद खात्याच्या उताऱ्यावर जन्मभर राहते. त्या खात्यावरचं व्याजही तुमचं नाही. त्याच २०१७ च्या नियमांतल्या २३० व्या नियमाप्रमाणे ते हिशेब पूर्ण झाल्यावर भारताच्या संचित निधीत परत जातं. लोक व्याजातून प्रिंटरची शाई आणतात आणि मग मला फोन करतात.

एका हेडातून दुसऱ्या हेडात पैसा सरकवायची वेळ येणारच. पडद्याचा भाव वाढेल, मुलगा नोकरी सोडेल. तेव्हा आधी पत्र आणि मग खर्च, हाच क्रम. कच्च्या मालातून तपासणी शुल्काकडे सरकवणं सहसा सुटतं. मजुरीतून उपकरणांकडे किंवा कुठूनही प्रवासाकडे सरकवलं की भुवया उंचावतात. पुढचा हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावरच सुटतो, आणि तो सुटायला तुम्ही धरलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हा दोन-तीन महिने पगार आणि कच्चा माल चालेल एवढी सोय घरच्या पैशातून ठेवा. ही सोय ठेवा असं मी अनुदान मिळालेल्या प्रत्येकाला सांगतो आणि जवळपास कुणीच करत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, क्रम. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ साली ९४५ कोटींच्या तरतुदीनं सुरू झाली. तीत नमुना, चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या) रोख्यांतून पैसा असं दोन कप्प्यांचं गणित ठेवलं. त्या पैशातून कसल्याही सुविधा उभारायच्या नाहीत हे तिथं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे शेड किंवा लॅब बांधणं बाद. आणि अट अशी की केंद्राच्या किंवा राज्याच्या इतर योजनांतून १० लाखांहून जास्त पैसा आधी घेतलेला नसावा. बक्षिसाची रक्कम, संस्थापकाचा मासिक भत्ता आणि सवलतीची जागा यात मोजत नाहीत. बिगचे ५० लाख आधी घेतले की हे दार बंद होतं. कुठलं आधी ठोठवायचं ते अर्ज भरायच्या आधी ठरवा.

दुसरी, आयकर. २०१५ च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान हे उत्पन्न धरलं जातं. यंत्राकरता मिळालेली रक्कम यंत्राच्या किमतीतून वजा होते, मग त्यावर घसारा मिळत नाही. बाकीची रक्कम उत्पन्नात येते आणि समोर खर्च दाखवायचा असतो. हप्ता फेब्रुवारीत आला आणि खर्च जूनमध्ये झाला तर ३१ मार्चला कागदावर नफा दिसतो. कंपनीच्या हिशेबाचं मानक वेगळं सांगतं आणि आयकराचं उत्पन्न मोजण्याचं सातव्या क्रमांकाचं मानक म्हणतं की पैसे हातात आल्यानंतर नोंद पुढं ढकलू नका. पहिला हप्ता यायच्या आधी तुमच्या सीएशी यावर एक तास बसा. नंतर बसलात तर तो फक्त चलन भरायला सांगेल.

राहिला शेतकऱ्यांना द्यायच्या पैशांचा प्रश्न. नमुन्यापोटी गोठामालकाला थोडी रक्कम देणार असाल तर ती अंदाजपत्रकात ‘नमुना संकलन’ म्हणून आधीच दाखवा. रोख देऊ नका, यूपीआयनं द्या, पण त्याच प्रकल्पखात्यातून. पावतीवर मालकाची सही घ्या आणि गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक लिहा. तोच क्रमांक नमुन्याच्या बाटलीवर, तोच प्रयोगशाळेच्या अहवालात, तोच व्हाउचरवर. मागे एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं एका फाइलमधली कुठलीही पाच व्हाउचरं काढून दाखवा म्हटलं. आम्ही पाच बिल्ले क्रमांक वाचले, त्यानं वहीत पाच नमुने शोधले, आणि बाकीची अकराशे व्हाउचरं न उघडता गठ्ठा परत बांधला.